डबा मिळत नाही, तेव्हा चूक बहुतेक वेळा मागे राहिलेली असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही, पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी लेटरबॉक्स (म्हणजे लिहून दिलेल्या क्लूवरून शोधायचा, वही आणि रबरी शिक्का ठेवलेला लपवलेला डबा) शोधायला जंगलात गेलात. पहिला डबा पटकन मिळाला, दुसऱ्याने दमवलं. त्याचा क्लू तुम्ही जसाच्या तसा दिला आहे: "पूल ओलांडलास की वाटेला फाटा फुटेल, उजवी वाट धर. ओढा डाव्या हाताला ठेवून चढत राहा, तीन खोडांचं झाड भेटेल. तिथून १४० अंशांवर ४५ पावलं. म्हाताऱ्याच्या मांडीवर बस आणि पाठीमागे हात घाल." पूल मिळाला, फाटा मिळाला, झाडही मिळालं. फोनमधल्या कंपासवर १४० अंश धरून ४५ पावलं गेलात, तर समोर नुसते दगडच दगड. दोन तास एकेक दगड उचलून पाहिला आणि अंधार पडायच्या आत परत फिरलात. आता विचारताय की शेवटच्या जागी शोधायची काही पद्धत असते का, आणि डबा तिथून गेलाच आहे हे कसं ओळखायचं.

पद्धत असते, ती पुढे सांगते. पण तुमची अडचण शोधण्यात आहे असं मला वाटत नाही. तीन माणसांनी दोन तास एवढीशी जागा पालथी घातली आणि जेवणाच्या डब्याएवढी वस्तू मिळाली नाही, म्हणजे ती बहुधा त्या जागेत नव्हतीच. मग एक तर डबा हरवलाय, नाही तर तुम्ही भलत्याच ठिकाणी शोधत होता. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळा खरी निघते. लांबलचक गणितात दुसऱ्याच ओळीत चिन्ह चुकलं की शेवटची ओळ कितीही वेळा तपासा, उत्तर येत नाही. तसंच हे आहे. म्हणून "तिथे कसं शोधू?" हा प्रश्न बाजूला ठेवून "मी खात्रीने बरोबर होतो अशी शेवटची जागा कोणती?" हा प्रश्न आधी सोडवू.

एक कबुली इथेच देऊन टाकते. ते जंगल मी पाहिलेलं नाही, आणि क्लू लिहिणाऱ्या माणसाची सवय मला ठाऊक नाही. क्लू किती वर्षांपूर्वीचा, कोणत्या ऋतूत लिहिलेला, लिहिणारा उंच की बुटका, यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. तेव्हा डबा अमुक दगडाखाली आहे असं मी सांगणार नाही. कुठली शंका आधी घ्यायची, हे मात्र सांगू शकते.

जंगलातला क्लू अवघड का असतो, हे कळायला या छंदाचं मूळ पाहिलं तर मदत होते. सुरुवात झाली इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उघड्या माळावर. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल (इथे इंग्रजी ‘पूल’, म्हणजे डबकं) या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचलेल्याने तिच्यात आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले, नंतर येणाऱ्याने ती टपालात टाकायची. वही आणि रबरी शिक्का मागून आले. डार्टमूरवरच्या क्लूमध्ये आजही बऱ्याचदा नकाशातला ग्रिड क्रमांक असतो आणि लांबच्या दोन-तीन खडकाळ टेकड्यांचे कंपासवरचे अंश असतात. माळावर त्या टेकड्या दिसतात. तुम्ही शंभर मीटर चुकलात तर एखादा आकडा जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

जंगलात नजर पोचते तीस-चाळीस मीटर. लांबची टेकडी दिसतच नाही. त्यामुळे क्लूचं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर लटकलेलं असतं आणि पडताळा घ्यायला बाहेरचं काही नसतं. चूक झाली तरी पुढचं वाक्य लागू पडल्यासारखं वाटतं, कारण जंगलात झाडंही भरपूर आणि दगडही भरपूर. तुमच्या ४५ पावलांनंतर दगड होते म्हणून तुम्हाला जागा बरोबर वाटली. पण त्या उतारावर कुठूनही ४५ पावलं टाकली असती तरी दगडच लागले असते, नाही का?

आता लपवणाऱ्याच्या बाजूने बघा. मी शोधते तशी लपवतेही, आणि लपवताना विचार उलटा चालतो. आधी जागा आवडते: कोरडी, वाटेवरून न दिसणारी, हात पोचेल अशी, डबा पाण्याने वाहून जाणार नाही अशी. मग त्या जागेपासून मागे येत मी खुणा शोधते. वाटेवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला न सांगता दिसेल असं जवळचं काय आहे? ते झालं शेवटचं ठाणं. तिथून जागेपर्यंत अंश आणि पावलं मोजायची. मग आणखी मागे येत फाटा, पूल, गाड्या लावायची जागा. म्हणजे क्लूमधली प्रत्येक खूण कुणीतरी "हे चुकणारच नाही" असं म्हणून निवडलेली असते. हा धागा फार उपयोगी आहे. एखादी खूण तुम्हाला खटपट करून, वाटेवरून आत शिरून, "हेच असेल बहुतेक" म्हणत ठरवावी लागली, तर ती बहुधा लपवणाऱ्याची खूण नाही.

या कसोटीवर तुमचा क्लू घासून बघू. पूल निर्विवाद आहे. फाट्याबद्दल थोडी शंका घ्यायला जागा आहे: पूल ओलांडल्याबरोबर फाटा होता की बरंच चालल्यावर? लोकांच्या ये-जा करण्याने नव्या पायवाटा पडतात आणि जुन्या बुजतात. पण त्याचा पडताळा क्लूमध्येच आहे. उजवी वाट धरल्यावर ओढा सतत डाव्या हाताला हवा. मध्येच तुम्ही ओढा ओलांडला असेल किंवा त्याचा आवाज येईनासा झाला असेल, तर फाटा चुकला. तुम्ही लिहिलंय की ओढा शेवटपर्यंत ऐकू येत होता, म्हणून एवढा भाग मी बरोबर धरते.

माझा खरा संशय तीन खोडांच्या झाडावर आहे. अशी झाडं दुर्मीळ असतात असा समज असतो, पण बऱ्याच जंगलांत ती पैशाला पासरी मिळतात. जिथे कधीकाळी लाकूडतोड झालेली असते तिथे अनेक जातींची झाडं बुंध्यापासून पुन्हा फुटतात आणि एका मुळावर दोन, तीन, चार खोडं वाढतात. अशा रानात एक तीन खोडांचं झाड दिसलं की आणखी पाच असतात. मग लपवणाऱ्याने त्याला खूण म्हणून का निवडलं? दोन कारणं संभवतात. एक म्हणजे ते वाटेला अगदी चिकटून आहे आणि इतरांपेक्षा ठसठशीत आहे. दुसरं, त्याने पानगळीत क्लू लिहिला, तेव्हा ते उघडं-बोडकं उठून दिसत होतं आणि आता पानांत बुडालंय. दोन्ही वेळा तुम्ही काय करायला हवं होतं ते एकच: पहिलं झाड दिसल्यावर तिथेच कंपास न काढता आणखी शंभर-दीडशे मीटर वर चालून जायचं आणि दुसरं त्याहून चांगलं झाड आहे का ते पाहून यायचं. याला पाच मिनिटं लागतात. दोन तास वाचतात.

आणखी एक. क्लू जुना असेल तर तीन खोडांतलं एखादं मोडून पडलेलं असू शकतं. दोन खोडं आणि शेजारी कुजका बुंधा, किंवा जमिनीवर आडवं पडलेलं खोड, असं काही वाटेलगत दिसलं तर तेही उमेदवार समजा.

आता अंश. इथे फोनने घात केला असण्याची शक्यता चांगलीच आहे. फोनच्या कंपासला चुंबकाची बाधा फार लवकर होते. कव्हरला चुंबकाची क्लिप असेल, हातात गाडीच्या किल्ल्या असतील, तर दहा-पंधरा अंशांची चूक सहज होते आणि काटा मात्र आत्मविश्वासाने स्थिर उभा असतो. कव्हर काढा, फोन हवेत आठचा आकडा काढल्यासारखा फिरवा आणि मग वाचा. त्यातही काही फोनमध्ये "खरी उत्तर" (उत्तर ध्रुवाकडची दिशा) की "चुंबकीय उत्तर" (होकायंत्राचा काटा दाखवतो ती दिशा) अशी निवड सेटिंगमध्ये असते. या दोन दिशांत जागेनुसार फरक असतो. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअॅटलच्या आसपास, चुंबकीय उत्तर सुमारे १५ अंश पूर्वेला झुकलेली आहे. ईशान्येला मेन राज्यात ती साधारण तेवढीच पश्चिमेला आहे. आणि जगाच्या काही भागांत फरक जवळजवळ शून्य आहे. चांगल्या नकाशाच्या कडेला हा फरक छापलेला असतो, सोबत सालही असतं, कारण तो हळूहळू बदलतो. लपवणारे बहुतेक जण साधं होकायंत्र धरून दिसेल तो आकडा लिहितात, म्हणजे चुंबकीय. क्लूमध्ये वेगळं काही म्हटलं नसेल तर मी तेच धरते, आणि नाही जमलं तर दुसरं करून पाहते.

या चुकीचं मोल किती? ३० मीटर अंतरावर १० अंशांची चूक म्हणजे बाजूला सुमारे ५ मीटर. ६० मीटरवर १० मीटर. ५ मीटर हा आकडा छोटा वाटतो, पण दगडांनी भरलेल्या उतारावर ५ मीटर म्हणजे दुसरेच दगड.

पावलांचा घोळ याहून मोठा. काही लोक प्रत्येक पाय टेकला की एक मोजतात, काही फक्त उजवा पाय टेकला की मोजतात. म्हणजे एकाची ४५ पावलं दुसऱ्याच्या दुप्पट होतात. सपाटीवर मोठ्या माणसाचं पाऊल साधारण ७० सेंटिमीटरचं धरलं तर ४५ पावलं म्हणजे तीसेक मीटर; दुहेरी मोजणी असेल तर साठ-पासष्ट मीटर. चढावर पाऊल आखडतं, दाट झुडपात आणखी आखडतं, आणि मुलीने मोजलं असेल तर हिशेब आणखी वेगळा. तुम्ही फक्त तीस मीटरच्या आसपास शोधलंय. त्याच रेषेवर साठ मीटरला काय आहे, ते तुम्ही पाहिलेलंच नाही.

लपवणाऱ्याचं पाऊल कसं ओळखायचं, याची एक युक्ती आहे. तुमचा पहिला डबा याच माणसाने लपवला असेल आणि त्याच्या क्लूमध्येही पावलं असतील, तर तो डबा कुठे आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. परत तिथे जा, त्याच खुणेपासून डब्यापर्यंत स्वतःची पावलं मोजा आणि क्लूमधल्या आकड्याशी ताडून पाहा. त्याने २० लिहिलेत आणि तुमची ३८ भरली, तर प्रश्न मिटला, तो दुहेरी मोजतो. त्याने ६० लिहिलेत आणि तुमची ५२ भरली, तर तो बुटका आहे किंवा जपून चालतो. एकाच माणसाचे अनेक डबे शोधायची मजा यातच आहे. हळूहळू तो कळायला लागतो. कुणी बुंध्याची मागची बाजू सोडून दुसरीकडे लपवतच नाही, कुणी प्रत्येक क्लूमध्ये एक तरी कोपरखळी घालतोच.

रेषेवर चालण्याबद्दलही सांगते, कारण हातातल्या कंपासकडे बघत चाललं की माणूस झाडं चुकवत चुकवत बाजूला सरकतो आणि त्याला ते कळतही नाही. तुम्ही तिघं आहात, हा मोठा फायदा आहे. एकाने झाडापाशी होकायंत्र घेऊन उभं राहायचं, दुसऱ्याने पुढे चालत जायचं, आणि पहिल्याने "थोडं डावीकडे, आता बरोबर" असं सांगत त्याला रेषेवर ठेवायचं. एकटी असते तेव्हा मी १४० अंशांवर समोरचं एखादं झाड नजरेत पकडते, कंपास खिशात घालते, त्या झाडापर्यंत चालते आणि तिथून पुन्हा पुढचं झाड. पोचल्यावर मागे वळून पाहायचं. १४० मध्ये १८० मिळवले की ३२०. तीन खोडांचं झाड ३२० अंशांवर दिसलं तर तुम्ही रेषेवर आहात. साध्या होकायंत्रावर हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि जंगलात मिळणारा जवळजवळ एकमेव पडताळा आहे, म्हणून तो सोडू नका.

मग म्हातारा. क्लू सोडला तर तुमच्या पत्रात या ओळीबद्दल एक शब्द नाही. वाटेवरची कविता म्हणून तुम्ही ती सोडून दिलीत असं दिसतं. माझ्या मते ती क्लूमधली सगळ्यात नेमकी ओळ आहे. पावलं आणि अंश फक्त जवळ नेतात, जागा ही ओळ सांगते. "मांडी" आहे म्हणजे बसण्याजोगं काहीतरी आहे, गुडघ्याएवढ्या उंचीचं सपाट. "पाठीमागे हात घाल" म्हणजे बसल्यावर पाठ टेकायला काहीतरी आहे, आणि फट किंवा ढोली त्या टेकण्याच्या मागे आहे. एखादा खुर्चीसारखा खडक, किंवा म्हातारं जाडजूड झाड ज्याची दोन मुळं पुढे आलीत आणि मध्ये बसायला जागा झालीय. मला झाडाकडे जास्त कल वाटतो, कारण नुसत्या दगडाला लोक म्हातारा क्वचित म्हणतात. पण दगडाला नाक-कपाळ असेल तर तेही शक्य आहे. दोन तास तुम्ही सुटे दगड उचलत होता. या ओळीत सुटा दगड कुठेही नाही. ती म्हणते, बस. बसता येईल अशी जागा सापडली नाही, तर तुम्ही पोचलाच नाहीत.

आता शोधायच्या पद्धतीकडे येते. जागेवर पोचल्यावर पहिली पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. उभं राहून, मग उकिडवं बसून नुसतं बघायचं. पाठपिशवी उतरवून ठेवा, नाही तर तिच्या वजनाने माणूस वाकतच नाही. लपवणाऱ्याला वाटेवरून न दिसणारी बाजू हवी असते, तेव्हा वाटेकडे पाठ करून नव्हे तर वस्तूच्या पलीकडे जाऊन वाटेकडे तोंड करून बघा. निसर्गात काटक्या एकमेकींना समांतर पडत नाहीत. चार काटक्या शेजारी शेजारी नीट ठेवल्यासारख्या दिसल्या तर कुणीतरी ठेवल्यात. दगडावर शेवाळ आणि दगडफूल उघड्या बाजूला येतं. मातीची, ओलसर बाजू वर आलेला दगड म्हणजे तो कुणीतरी उलटा ठेवलाय. सगळीकडे पाचोळा विरळ आणि एकाच कपारीत गच्च, हीही खूण.

आणि खणायचं नाही. डबे पुरत नाहीत. डार्टमूरच्या नियमावलीत तर जुने दगडी अवशेष, भिंती आणि दगडांच्या राशी यांतही डबा ठेवायला मनाई आहे. खणावंसं वाटलं, फांदी मोडावीशी वाटली, भिंतीचा दगड सुटा करावासा वाटला, तर खात्रीने जागा चुकलीय. जो दगड उचलाल तो होता तसाच ठेवा. त्याच्याखाली कुणी ना कुणी राहत असतं, आणि तुमच्यामागून येणाऱ्याला लागणाऱ्या या सगळ्या खुणाही सरसकट उलथापालथीने पुसल्या जातात. तुमच्या दोन तासांनंतर ती जागा वाचणं आता कठीण झालं असणार. म्हणूनच मी अर्ध्या तासाची मर्यादा पाळते. तेवढ्यात मिळालं नाही तर हात थांबवून मागच्या खुणेकडे परतायचं.

मुलगी सोबत आहे म्हणून हे जरा ठासून सांगते: न दिसणाऱ्या ढोलीत हात घालू नये, क्लू "हात घाल" म्हणत असला तरी. आधी टॉर्च मारा, मग काठीने चाचपा, मग हात. साप, विंचू, गांधीलमाश्या यांनाही कोरडी कपार आवडते. घरी आल्यावर गोचिडी तपासा. गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला.

डबा गेलाय का, या प्रश्नाचं उत्तर जंगलात मिळत नाही, शोधून आलेल्यांच्या नोंदींत मिळतं. तो शेवटचा कुणाला आणि कधी मिळाला ते पाहा. गेल्या एक-दोन महिन्यांत कुणाला मिळाला असेल तर तो आहे, तुम्ही चुकताय. वर्ष-दोन वर्षं कुणी सापडल्याचं लिहिलेलं नाही आणि मधल्या काळात निरनिराळ्या लोकांना तो मिळाला नाही, तर शंका रास्त आहे. पूर, पडलेलं झाड, जनावरं, परवानगीशिवाय ठेवलेला डबा उचलून नेणारे वनकर्मचारी, यातलं काहीही झालेलं असू शकतं. पण एका फेरीत मिळाला नाही म्हणून "डबा गायब" अशी नोंद करू नका. ती वाचून पुढचे लोक जाणंच बंद करतात आणि जिवंत डबा एकटा पडून राहतो. काही जण भल्या मनाने आपलाच नवा डबा तिथे ठेवून येतात, तेही नको. मूळ डबा असेल तर दोन होतात, आणि बऱ्याच डब्यांतला शिक्का हाताने कोरलेला असतो, त्याची भरपाई दुकानातल्या शिक्क्याने होत नाही.

तर पुढच्या फेरीचा क्रम मी असा लावेन. आधी पहिल्या डब्यापाशी जाऊन पावलाचं माप काढा. मग पुलावरून नव्याने सुरुवात करा, जणू क्लू आजच हातात आलाय. तीन खोडांचं झाड दिसलं तरी पुढे जाऊन बाकीची झाडं पाहून या आणि त्यातलं वाटेवरून सगळ्यात ठसठशीत दिसणारं धरा. साधं होकायंत्र न्या, फोन दुसऱ्याच्या खिशात ठेवा. रेषेवर तीस मीटरला थांबा, बसण्याजोगं काही दिसतं का बघा. नसेल तर दगडांना हात न लावता साठ मीटरपर्यंत जा. तिथेही म्हातारा दिसला नाही, तर रेषेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर फक्त नजरेने शोधा. मुलीला पुढे ठेवा. तिची नजर जमिनीला तुमच्याहून जवळ असते, आणि झाडाच्या बुंध्यात म्हातारा मोठ्या माणसांपेक्षा मुलांना लवकर दिसतो.

मिळाल्यावर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या डब्यात तुमचा शिक्का पुढच्या पानावर उमटलाय असं लिहिलंय, म्हणून एवढं सांगते. त्यांचा शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का त्यांच्या वहीत, तारीख आणि टोपणनाव, इतकंच करायचं असतं. शाईचा पॅड स्वतःचा न्या. डब्यातला असलाच तर बहुधा वाळलेला असतो. शिक्का मारल्यावर वही दोन-तीन मिनिटं उघडी धरा, फुंकर घाला, मगच मिटा. पिशवीतली हवा दाबून काढा आणि झिप नीट लावली की नाही ते बोट फिरवून बघा, कारण डब्यात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा अर्धवट लागलेल्या झिपेतून. डब्यातला शिक्का घरी न्यायचा नसतो. जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे जीपीएसवरून डबे शोधायच्या खेळात, वस्तूंची अदलाबदल चालते, त्या सवयीने आलेले लोक कधी कधी तो उचलतात. आणि वाटेवरून कुणी चाललं असेल तर ते दिसेनासे होईपर्यंत बुटाची नाडी बांधत बसा, डबा जागेवर ठेवण्याची घाई नको.

एवढं करूनही नाही मिळाला, तर लपवणाऱ्याला लिहा. "सापडला नाही" एवढंच लिहिलं तर तो बिचारा काय सांगणार? कोणतं झाड धरलंत, ते वाटेपासून किती दूर होतं, कंपास कोणता होता, किती मीटरपर्यंत गेलात आणि तिथे काय दिसलं, हे लिहा, झाडाचा एक फोटो जोडा. बहुतेक लपवणारे अशा पत्राला आनंदाने उत्तर देतात. डबा खरंच गेला असेल तर त्यांनाही त्यातून कळतं.

मला मात्र आधी एक सांगा. तुम्ही धरलेलं तीन खोडांचं झाड वाटेवर उभं राहून दिसत होतं, की आत शिरल्यावर मिळालं? तुमच्या वर्णनात ते नाही, आणि आत शिरल्यावर मिळालं असेल तर पावलांचं माप काढायच्या भानगडीत पडण्याआधी दुसरं झाड शोधा.